चटई आणि पथारी

महापालिकेच्या कारभारात दोन शब्द सारखे कानावर पडतात. एक चटई, दुसरा पथारी. घरात दोन्हींचा उपयोग एकच. जमिनीवर अंथरायची आणि वर टेकायचं. पालिकेत मात्र त्यांची खाती वेगळी, आणि नशीबही वेगळं. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणजे एफएसआय. आपल्या जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल, हे सांगणारा आकडा. ‘पथारी’ म्हणजे रस्त्याच्या कडेला कापड अंथरून किंवा चार क्रेट मांडून थाटलेलं दुकान. चटई बांधकाम विभागात मोजली जाते. पथारी अतिक्रमण विभागाच्या गाडीत फेकली जाते. चटईला दर आहे. ती पैसे भरून वाढवून मिळते, विकता येते, एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर नेता येते. पथारी उचलली की थेट गोदामात जाते आणि दंड भरून परत आणेपर्यंत त्यातली मेथी सडून गेलेली असते.

खरं तर दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: शहरात कुणी किती जागा घ्यायची आणि ते कुणी ठरवायचं? आपण त्याचे दोन तुकडे केले. एकाला ‘विकास’ म्हटलं, दुसऱ्याला ‘अतिक्रमण’. विकास तज्ज्ञांवर सोपवला, अतिक्रमण पोलिसांवर. दोन्हीकडे ज्याला निर्णय भोगायचा त्याला तो कळतो सगळं ठरून गेल्यावर. घरांचा, बांधकामांचा आणि रस्त्यावरच्या धंद्यांचा प्रश्न आपल्या शहरांत इतका नासला, त्याचं मूळ मला इथे दिसतं. निर्णय चुकतात हे दुःख आहेच. पण ते जिथे होतात तिथे आपण नसतो आणि आपण असतो तिथे ते होत नाहीत, हे त्याहून मोठं दुखणं आहे.

पुण्यातली एक गोष्ट पाहू. २०१६च्या टीडीआर धोरणाने नियम केला, की नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या इमारतींना टीडीआर, म्हणजे विकत घेतलेलं जादा चटई क्षेत्र, वापरता येणार नाही. नियमामागचा विचार चुकीचा नव्हता. चिंचोळ्या गल्लीत अकरा मजले चढवले तर अग्निशामक दलाचा बंब आत शिरायचा कसा? पण पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांचे असंख्य रस्ते सहा मीटरचे. तिथल्या तीन-चार मजली इमारती आता म्हाताऱ्या झालेल्या. लिफ्ट नाही, गच्ची गळते, खालच्या मजल्यावरच्या आजी वर्षानुवर्षं वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे गेलेल्या नाहीत. टीडीआर मिळणार नसेल तर बिल्डर पुनर्विकासाला हात लावत नाही. म्हणून जून २०२०मध्ये महापालिकेच्या स्थायी समितीने शहरातले ३२३ सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मान्य केला. त्यावर गदारोळ झाला. हेच ३२३ का? बाकीच्यांचं काय? करायचे तर सगळे सहा मीटरचे रस्ते करा, नाहीतर मोजक्या बिल्डरांसाठी ही यादी केली असं लोक म्हणणारच.

मला या वादात अडकून पडायचं नाही. मला दिसतो तो दीड मीटर. सहाचे नऊ करायचे म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घ्यायचा. कागदावर ती एक रेघ आहे. जमिनीवर त्या दीड मीटरमध्ये सोसायटीची कुंपणभिंत असते, तिला टेकलेला पारिजातक असतो, दोन स्कूटर असतात, इस्त्रीवाल्याची टपरी असते आणि कोपऱ्यावर भाजीवाल्या मावशींची पथारी असते. इमारतीतल्या माणसाला त्या दीड मीटरच्या बदल्यात वाढीव चटई मिळण्याची आशा तरी आहे. इस्त्रीवाल्याला आणि मावशींना त्या ठरावात नावही नाही. आराखड्याच्या लेखी ती जागा रिकामी होती.

आता चटईकडे वळू. आपल्या नगररचनेतली सगळ्यांत अद्भुत वस्तू ती आहे. अरबी गोष्टींतला उडता गालिचा आपण लहानपणी वाचला, मुंबईने तो १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत प्रत्यक्ष आणला. रस्त्यासाठी, बागेसाठी किंवा शाळेसाठी जमीन दिली की पैशांऐवजी तेवढं बांधकामाचं हक्कपत्र मिळायचं. ते शहर भागात वापरता येत नसे, उत्तरेकडे उपनगरांत उडवून नेता येई. पालिकेला रोख न देता जमीन मिळाली, मालकाला बाजारात विकता येईल असा कागद मिळाला. हिशेब चोख. फक्त हा गालिचा जिथे उतरला, तिथल्या गटारांना, नळांना आणि रेल्वे स्थानकांना कुणी विचारलं नाही.

त्याच नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनींचा होता. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव उठलं ते पुन्हा बसलं नाही. उरली ती शहराच्या पोटातली सुमारे ६०० एकर जमीन. नियम सांगत होता, की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. या जमिनींचा एकत्रित विचार व्हावा म्हणून वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने १९९६मध्ये अहवालही दिला. मग २००१मध्ये राज्य सरकारने नियमात दुरुस्ती केली. वाटणी करायची ती फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या शेडखालची जमीन पाडकामानंतर मोकळी झाली तरी ती मोजायची नाही. गिरणी म्हणजे मुळात शेडच. त्यामुळे वाटणीला उरलं किती? पालिकेच्या आणि म्हाडाच्या हाती तुकडे आले, मालकांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६मध्ये ती दुरुस्ती वैध ठरली.

मोकळी जमीन म्हणजे कोणती, एवढ्या एका अर्थावर एका शहराच्या बागा, शाळा आणि कामगारांची घरं गेली. हा बदल पालिकेच्या सभागृहात भांडून झालेला नव्हता. नगरविकास खात्याच्या अधिसूचनेने झाला. गिरणगावात वाढलेल्या कितीजणांना त्या दिवशी कळलं असेल, की आज आपल्या मुलांच्या घरांची वाटणी झाली?

इथे एक प्रश्न रास्तपणे विचारला जाईल. पालिका तरी चटई वाटायला एवढी उतावीळ का? नगरसेवक आणि बिल्डर यांचं साटंलोटं हे सोपं उत्तर आहे आणि त्यात तथ्य नाही असं कुणी शपथेवर सांगणार नाही. पण त्याच्या खाली आणखी एक कारण आहे, ते पालिकेच्या कनवटीचं आहे. पूर्वी शहराची तिजोरी जकातीवर चालायची. जकात नाक्यांवरच्या रांगा, तिथला भ्रष्टाचार, व्यापाऱ्यांचा वैताग हे सगळं खरं. पण तो पैसा पालिकेचा स्वतःचा होता. पुण्यासारख्या शहरांतली जकात २०१३मध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. तोही २०१५मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला. मुंबईची जकात जुलै २०१७मध्ये जीएसटीने गिळली. आता वरून अनुदान येतं. राहिला मिळकतकर, तो वाढवला की मतं जातात. मग हातात उरते ती चटई. बांधकाम परवानगीचं शुल्क, विकास शुल्क, वाढीव चटईवरचा प्रीमियम. ज्या घराचं भाडं चटई विकून भरलं जातं, त्या घराने चटई कमी विकावी अशी अपेक्षा तरी कशी करायची?

आणि त्या चटईच्या दराची दोरीही मंत्रालयातच. करोनानंतर घरबांधणीला उठाव मिळावा म्हणून राज्याने २०२१च्या डिसेंबरअखेरपर्यंत बांधकाम प्रीमियममध्ये ५० टक्के सूट दिली. उत्पन्नाला खड्डा पडला तो पालिकांच्या. पुण्यात राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देण्याची पद्धत १९७०पासूनची. राज्याने ती मधेच काढली, पुणेकरांनी ओरड केली, २०२३मध्ये राज्यानेच ती परत दिली. सवलत आल्याचा आनंद आहेच. पण शहराच्या घरपट्टीत किती सूट द्यायची हे ठरवायलाही राज्य मंत्रिमंडळ लागतं, ही गोष्ट आपल्याला आता खटकतही नाही.

संविधानाची ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३पासून लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. पहिला नगररचना, दुसरा जमिनीचा वापर आणि इमारतींचं नियमन. म्हणजे आपण ज्याविषयी बोलतोय तेच, यादीच्या अगदी माथ्यावर. पण राज्यांनी हे विषय पालिकांकडे ‘द्यावेत’, असं नव्हे तर ‘देता येतील’, असं तिथे लिहिलं आहे. महाराष्ट्राने दिलं ते दोरी हातात ठेवून. विकास आराखडा पालिकेने करायचा, मंजुरी राज्याची. सभागृहाने केलेला ठराव राज्याला विखंडित करता येतो. डिसेंबर २०२०पासून मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडले तर साऱ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली लागू आहे. कोकणातल्या पावसात भिजणारं गाव आणि चंद्रपूरच्या उन्हात भाजणारं शहर, दोघांना एकच माप. सुटसुटीतपणा आला हे मान्य. पण शिंपीही गिऱ्हाईक पाहिल्याशिवाय कापड फाडत नाही.

याचा कळस आपण नुकताच पाहिला. मार्च २०२२मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि नवं सभागृह निवडायला जानेवारी २०२६ उजाडला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा, कारणं होती. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं संविधान सांगतं, आणि इथे जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समिती म्हणून तपासणारे तेच, सर्वसाधारण सभा म्हणून मंजूर करणारेही तेच. आणि बहुतेकांना फरक जाणवला नाही. ‘उलट कामं लवकर होतात’ असं म्हणणारेही भेटले.

हा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. नगरसेवकांच्या सभागृहाने तरी असं काय उजेडात आणलं होतं? पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३मध्ये जाहीर झाला, त्यावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या आणि मुदतीत काही ठरेना म्हणून २०१५मध्ये राज्याने तो ताब्यात घेतला. मुंबईचा २०३४पर्यंतचा आराखडा तर चुकांनी इतका भरला होता, की एप्रिल २०१५मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला लावला, आणि मुंबईकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला एप्रिल २०१३मध्ये अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ती इमारत काही रातोरात उगवली नव्हती. स्थानिक यंत्रणेच्या डोळ्यांदेखत मजल्यावर मजले चढले होते. मग अशा हातांत आणखी अधिकार द्यायचे?

माझं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भाजीबाजार भरत असे. नगरपालिकेने त्यासाठी भव्य इमारत बांधायचं ठरवलं. तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याला विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर उधळण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ते हरले. १८८६मध्ये मंडई उघडली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना नाव बदललं, आणि ज्याने विरोध केला त्याच्याच नावाने ती आज ओळखली जाते. मंडईत जवळजवळ दीडशे वर्षांनी भाजी घेताना वाटतं, इमारत काही वाईट झाली नाही. म्हणजे फुले चुकले का? मला तसं वाटत नाही. कारण त्यांनी विचारलेला प्रश्न इमारतीचा नव्हताच. पैसा कुणाचा, खर्च कुणासाठी आणि त्याच पैशात दुसरं काय झालं असतं, हे त्यांनी सभागृहात उभं राहून विचारलं. इमारत त्या प्रश्नाला सामोरी जाऊन उभी राहिली.

सभागृहाचं काम हे आहे. तिथे शहाणे निर्णयच होतील अशी हमी कुणी दिलेली नाही. पण तिथे ‘नाही’ म्हणायला माणूस असतो, त्याचं ‘नाही’ नोंदवलं जातं आणि पाच वर्षांनी त्याचा हिशेब मागता येतो. प्रशासकाच्या चार वर्षांत चुका कमी झाल्या असतील किंवा जास्त. त्यांना नाही म्हणणारं कुणी नव्हतं, एवढं नक्की. शीळफाट्याच्या इमारतीवर उपाय अधिकार काढून घेण्यात नाही. त्या गल्लीतल्या लोकांना परवानगीचा कागद आधीच पाहता आला असता तर, या ‘तर’मध्ये आहे.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे आणि तो माझ्या वर्गावरच येतो. निर्णय गल्लीपर्यंत खाली आणा म्हणता, पण गल्ली म्हणजे कोण? रविवारी सोसायटीच्या बैठकीत आपण पुनर्विकासाची चर्चा करतो. कार्पेट किती वाढवून मिळेल, भाडं किती, कॉर्पस फंड किती, पार्किंग दोन मिळतील का. चटईचा इंच अन् इंच मोजतो. तिथेच शेवटच्या पाच मिनिटांत ‘कोपऱ्यावरच्या फेरीवाल्यांचा त्रास’ हा विषय निघतो आणि पालिकेला पत्र लिहायचं ठरतं. संध्याकाळी सात वाजता त्याच कोपऱ्यावर आपण म्हणतो, ‘मावशी, दहाची कोथिंबीर द्या, कढीपत्ता वरून.’ अशा गल्लीच्या हाती निर्णय दिला तर ती पहिल्यांदा मावशींनाच हाकलेल. शेजारच्या पुनर्वसन इमारतीला विरोध करील. चटई आपली, पथारी मात्र त्यांची.

हे खरं आहे. म्हणूनच ‘निर्णय स्थानिकांचा’ एवढं म्हणणं पुरत नाही. निर्णय भोगणाऱ्या प्रत्येकाचा, असं म्हणावं लागतं. आणि गंमत म्हणजे हे आपल्याकडच्या एका कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. पथाऱ्यांच्या कायद्यात. बाबा आढावांसारख्यांनी पुण्यात पथारीवाल्यांची पंचायत उभी केली, देशभर अशा संघटना झगडल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८५च्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला होताच. त्या वाटेने २०१४मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा आला. त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. तिच्यातले किमान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेते, त्यांनी आपसांत मतदान करून निवडलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. शिवाय रहिवाशांचे, व्यापाऱ्यांचे, वाहतूक पोलिसांचे, पालिकेचे प्रतिनिधी. प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही.

बिल्डर, बंगलेवाले, भाडेकरू यांच्यापैकी कुणासाठी आपण असा कायदा केला नाही. ज्याच्याविषयी ठरवायचं त्याला टेबलाशी बसवणारा कायदा आपण सगळ्यांत गरीब दुकानदारासाठी केला. आणि मग तो धूळ खात ठेवला. मुंबईत या समितीच्या निवडणुकीला २०२४चा ऑगस्ट लागला. मधल्या काळात सप्टेंबर २०१७मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. मग रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरमध्ये फेरीवाले नकोत, हा दंडक उच्च न्यायालयाकडून पक्का झाला. पुलाची रुंदी आणि गिरणगावात उतरलेल्या कार्यालयांच्या चटया यांचा परस्परसंबंध काय, हे त्या वेळी फारसं कुणी विचारलं नाही. हजारो माणसांना रोज त्या अरुंद पुलावर आणणारा निर्णय गिरण्यांच्या जमिनींचा होता. दंड मात्र पथारीला झाला.

म्हणून मी उलटं सुचवतो. पथारीचा कायदा चटईला लावा. एखाद्या भागात चटई वाढवायची, रस्ता रुंद करायचा, आरक्षण उठवायचं, तर त्या भागातल्या रहिवाशांचे, भाडेकरूंचे, टपरीवाल्यांचे, घरकामाला येणाऱ्या बायांचे प्रतिनिधी बसतील अशी समिती असू द्या. त्यांच्यापुढे एका पानावर साध्या मराठीत मांडा: इतकी चटई वाढणार, इतकी कुटुंबं येणार, त्यांना इतकं पाणी लागणार, ते येणार कुठून, आणि या बदल्यात पालिकेला मिळणारा प्रीमियम याच भागावर किती खर्च होणार. आज हरकती-सूचना मागवल्या जातात त्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात, सर्व्हे नंबरांच्या भाषेत. तीच सूचना त्या गल्लीच्या तोंडाशी, पोस्टाच्या पेटीशेजारी लावायला काय हरकत आहे? यासाठी नवं काही शोधायचीही गरज नाही. महाराष्ट्राने २००९मध्ये पालिका कायद्यांत मतदारांच्या ‘क्षेत्र सभां’ची तरतूद केली आहे. गावात ग्रामसभा भरते, शहरात क्षेत्र सभा भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पुणे महापालिका २००६पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. बाक, दिवे, पदपथ सुचवण्याइतके आपण शहाणे ठरलो आहोत. मग मजले किती असावेत हे विचारण्याइतके का नाही?

याने निर्णय सावकाश होतील. होऊ द्यात. सहा मीटरच्या रस्त्यावरच्या आजींना लिफ्ट हवी आहे आणि तिला उशीर होणं हा अन्याय आहे, हे मला कळतं. पण बिनविरोध, घाईत झालेले ठराव न्यायालयात अडकून दहा-दहा वर्षं रेंगाळतात, हेही आपण पाहिलं आहे. आधी भांडलेलं बरं, मागून रडण्यापेक्षा.

आता सभागृहं पुन्हा भरली आहेत. नवे नगरसेवक आपापल्या प्रभागात फ्लेक्स लावून आभार मानून झाले. त्यांना कोणता प्रश्न विचारायचा हे मी ठरवून ठेवलं आहे. आमच्या गल्लीत रुंदीकरणाची रेघ कधीतरी येणार, हे नक्की. ती आखण्याआधी त्यांनी एकदा टेप घेऊन यावं आणि दोन्ही बाजूंचा दीड-दीड मीटर मोजावा. सोसायटीचे अध्यक्ष असतील, इस्त्रीवाला असेल, मावशी असतील. प्रत्येकाने आपापल्या त्या दीड मीटरमध्ये काय आहे ते सांगावं आणि कारकुनाने ते लिहून घ्यावं. मग रस्ता खुशाल रुंद करा. निदान आराखड्यात ती जागा रिकामी म्हणून दाखवता येणार नाही.